एका रविवारी एक कथा

"मला हे पुस्तक आवडलं नाही, आणि कृपा करून कोणी मला समजावून सांगू नका," असं म्हणत काकांनी पुस्तक टीपॉयवर पालथं ठेवलं आणि चष्मा काढून खिशात टाकला. 2023 च्या ऑगस्टमधला दुसरा रविवार. पावसानं दडी मारली होती, आमच्या ठाण्यातल्या चरईच्या घरात पंखा पाचवर असूनही सगळे पुसून पुसून घामाघूम. नऊ जण होतो आणि काकांच्या त्या वाक्यानंतर मिनिटभर कोणीच बोललं नाही.

आमचा हा वाचनकट्टा सात वर्षांपासून चालू आहे. मी दिवसभर पोळीभाजी केंद्र चालवते. रविवारी संध्याकाळी केंद्र बंद असतं, म्हणून पाच वाजता सगळे माझ्या घरी जमतात. तिसरा मजला, लिफ्ट नाही, तरी पहिल्या मजल्यावरच्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या आजी एकेक पायरी मोजत वर येतात. त्यांना आता वाचता येत नाही, त्या ऐकायला येतात. काका बँकेतून निवृत्त झालेले. घोडबंदर रोडहून एक जोडपं येतं, मानपाड्याच्या सिग्नलला अडकून हमखास वीस मिनिटं उशिरा. ऐरोलीत कंपनीत असलेला एक मुलगा आहे, त्याला आम्ही इंजिनीअरच म्हणतो. आणि आमच्या सिस्टर, म्हणजे नर्स, आयसीयूत रात्रपाळी करणाऱ्या.

2023 हे कथाकार जी. ए. कुलकर्णींच्या जन्मशताब्दीचं वर्ष. 10 जुलै 1923 चा त्यांचा जन्म. आम्ही एरवी कादंबऱ्या वाचतो, चरित्रं वाचतो. कथासंग्रह टाळतो, कारण कथासंग्रहावर चर्चा जमत नाही असा आमचा अनुभव. पण शताब्दी आहे, एक तरी संग्रह घ्यावा असं मीच धरून बसले आणि 'पिंगळावेळ' ठरला. 1977 चा संग्रह. महिनाभरात सगळ्यांनी आपापला वाचून यायचं, मग बोलायचं, ही आमची नेहमीची पद्धत.

त्या रविवारी जे झालं त्याला चर्चा म्हणता येणार नाही. घोडबंदरच्या वहिनी म्हणाल्या, जड आहे. त्यांचे मिस्टर म्हणाले, उदास आहे, रात्री वाचलं की झोप लागत नाही. इंजिनीअर म्हणाला, भारी आहे, वेगळ्याच लेव्हलचं आहे. मी विचारलं, काय भारी आहे? तो म्हणाला, म्हणजे एकूणच. सिस्टर म्हणाल्या की त्यांनी चारच कथा वाचल्या, पुढे जावंसं वाटलं नाही. मी स्वतः काय बोलले? प्रतिमा फार समृद्ध आहेत, असं काहीतरी. घरी एकटी असताना मी असं कधीच बोलत नाही. तो शब्द मी कुठल्याशा परीक्षणातून उचलला होता हे बोलतानाच मला जाणवलं.

काकांना बोलतं करायला कोणीतरी म्हणालं, अहो, पण साहित्य अकादमी मिळालेला लेखक आहे. त्यावर काका उसळले. "अकादमी 'काजळमाया'ला मिळाली होती, 1973 ची. या पुस्तकाला नाही. आणि त्यांनी ती परत केली. पुस्तकाच्या प्रकाशनाच्या तारखेवरून वाद निघाला तर सरळ परत करून मोकळे झाले. म्हणजे त्या पुरस्काराचा दाखला त्यांच्याच बाबतीत तुम्ही मला देऊ नका." काकांना पुस्तक आवडलं नसलं तरी ते माहितीला पक्के. 1969 साली लघुनियतकालिकांतल्या तरुण लेखकांनी 'सत्यकथा' या वाङ्मयीन मासिकाचा अंक जाळला होता, तेव्हा काका तेवीस वर्षांचे होते आणि त्यावरून त्यांचं घरात वडिलांशी भांडण झालं होतं. वाङ्मयाबद्दल माणसं अंक जाळण्याइतकी चिडू शकतात हे त्यांना आजही चांगलं वाटतं. त्या मानानं आमचा कट्टा त्यांना मिळमिळीत वाटत असावा.

सगळे गेल्यावर मी माझी प्रत उचलली. ही प्रत मला नौपाड्यातल्या एका रद्दीवाल्याकडे मिळाली होती. आत कुठल्याशा सर्क्युलेटिंग लायब्ररीचा शिक्का आहे, नाव पुसट झालंय, पाठीला कापडाची पट्टी चिकटवलेली. आणि पानोपानी पेन्सिल. तीन वेगळी अक्षरं तरी मला ओळखू येतात. एक अक्षर टोकदार, तिरकं. त्यानं एका कथेच्या शेवटी लिहिलंय, "उगाच लांबवले आहे." दुसऱ्या एका कथेखाली त्याच अक्षरात, "ही कथा नव्हे." दुसरं अक्षर गोल, शाळेतल्या बाईंसारखं. त्या बाई (मी त्यांना बाईच धरते) फक्त ओळींखाली रेघा मारतात आणि मधूनच एखादं प्रश्नचिन्ह काढतात. तिसरं अक्षर बारीक, कापरं, अख्ख्या पुस्तकात एकदाच आलंय. 'कैरी' या कथेत, जिथे तानीमावशीचं वर्णन आहे तिथे समासात दोनच शब्द: "आमची अक्का."

मी त्या दोन शब्दांकडे बराच वेळ पाहत बसले. आमच्यापैकी कोणीही त्या दिवशी असं काही बोललं नव्हतं. नऊ जणांनी मिळून दीड तासात जड, उदास, भारी, समृद्ध हे चार शब्द वापरले, आणि कोणा अनोळखी माणसानं पेन्सिलीनं एका बाईला ओळखलं होतं.

मग माझ्या डोक्यात वडील आले. ते वागळे इस्टेटमध्ये कंपनीत होते, तीन पाळ्यांत. मराठी ग्रंथ संग्रहालयाचे सभासद. ठाण्याचं हे ग्रंथालय 1893 सालचं आहे आणि आम्हा चरई-नौपाड्यातल्या कित्येक घरांना वाचनाची सवय तिथूनच लागली. दिवाळीनंतर घरात एकेक दिवाळी अंक यायचा. मराठीत ही प्रथाच जुनी, 1909 साली काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासूनची. वडील पहिल्या पाळीला असले की रविवारी दुपारी एक कथा मोठ्यानं वाचायचे. एकच. आई समोर सुपात तांदूळ निवडत असायची. कथा संपली की अंक मिटून फडताळावर. मी म्हणायचे, बाबा, अजून एक. ते म्हणायचे, आता पुढच्या रविवारी. आई आठवडाभर मधूनच त्या कथेतल्या बाईविषयी बोलायची, जशी चाळीतल्या कोणाविषयी बोलावी तशी. "तिनं जायला नको होतं परत," असं एकदम भाकरी थापताना. आम्हाला कळायचं कोणाबद्दल चाललंय.

जी.एं.च्या कथा वाचकांपर्यंत प्रथम अशाच आल्या होत्या. 'सत्यकथे'त, दिवाळी अंकांत. एक कथा, आजूबाजूला दुसऱ्यांच्या कविता, लेख, साबणाची जाहिरात. मग पुढची कथा यायला काही महिने. तेवढ्या काळात घरात लग्नं व्हायची, माणसं आजारी पडायची, पहिली कथा अंगात मुरायची. 'सत्यकथा' 1982 साली बंद पडली, तेव्हा मी शाळेत होते. आता आपण तीच कथा संग्रहातून वाचतो, एकीला लागून दुसरी, चार रात्रींत पुस्तक खलास. कैरीच्या लोणच्याची बरणी कोणी चार दिवसांत संपवली तर जीभ सोलवटेल, आणि वर तो म्हणेल की तिखट घालायचं यांना कळत नाही.

मी सगळ्यांना फोन करून सांगितलं, आपण पुन्हा वाचू या. या वेळी कोणी घरी वाचून यायचं नाही. एका आड एक रविवारी एकच कथा, मोठ्यानं, आळीपाळीनं, आणि पुढच्या बैठकीपर्यंत दुसरं काही नाही. काका नाही म्हणतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "मी येईन. मला का आवडलं नाही ते मला नीट सांगता आलं नाही, त्याची रुखरुख आहे."

सप्टेंबरमध्ये 'कैरी'पासून सुरुवात केली. ही तीच कथा जिच्यावर अमोल पालेकरांनी चित्रपट काढला. आईविना पोर, जीव लावणारी मावशी, आणि त्या मावशीचं स्वतःचं घर, जिथे तिचं काही चालत नाही. घोडबंदरच्या वहिनींनी वाचायला घेतली. छान वाचतात त्या, आकाशवाणीसारखं नाही, घरातल्यासारखं. मध्यावर कुठेतरी त्या थांबल्या, पाणी प्यायल्या, पुढचं पान त्यांनी मिस्टरांकडे दिलं. नंतर काही बोलल्या नाहीत. पंधरा दिवसांनी, पुढची कथा सुरू करायच्या आधी म्हणाल्या, "मागे मी जड म्हणाले ना, ते खरं नाही. मला राग आला होता. त्या मावशीचा. एवढी माया आहे तर उभी का राहत नाही नवऱ्यासमोर? माझ्या आईचा मला हाच राग आहे." त्यांचे मिस्टर त्यांच्याकडे बघत राहिले. लग्नाला सव्वीस वर्षं झाली त्यांच्या, आणि हे बहुतेक त्यांनीही पहिल्यांदा ऐकलं.

'ऑर्फियस' मात्र फसली. ग्रीक पुराणातली गोष्ट आधी कोणीतरी सांगायला हवी होती, ती सांगितली नाही, आणि अर्धे लोक नावांतच अडकले. इंजिनीअरला ती नंतर घरी आवडली म्हणे. मला अजून त्या कथेपर्यंत नीट पोहोचता आलेलं नाही, कधीतरी एकटीनं वाचेन.

दिवाळीत मला श्वास घ्यायला फुरसत नसते, चकली-करंज्यांच्या ऑर्डरी असतात, म्हणून दोन बैठका गेल्या. मग घेतली 'स्वामी'. ती एका बैठकीत होण्यासारखी नव्हती, दोन रविवार धरले. (ज्यांनी ही कथा वाचलेली नाही त्यांनी इथे थांबावं, आधी कथा वाचावी आणि मग परत यावं. मी मनापासून सांगते आहे.)

पहिला भाग 26 नोव्हेंबरला झाला. आदल्या रात्री अवकाळी सर येऊन गेली होती, हवेत ओल होती. प्रवासात अडकलेला एक माणूस, त्याला भेटलेले महंत, मठ, आणि मग ती खाली, जमिनीच्या पोटातली खोली. त्याला तिथे सगळं मिळणार आहे. खाणं, पुस्तकं, मान. तो स्वामी होणार आहे. फक्त बाहेर पडता येणार नाही, कधीच. वाचत होता इंजिनीअर. ऑगस्टमध्ये हाच म्हणाला होता भारी आहे म्हणून. दार बंद होतं तिथे त्याचा आवाज बदलला, तो भरभर वाचायला लागला. काका म्हणाले, "सावकाश. पळू नकोस." तो म्हणाला, "काका, मी घरी वाचली तेव्हाही इथे पळालोच होतो. पुढे काय होतं तेवढं बघितलं मी." मग त्यानं ते पान परत वाचलं. ते ऐकताना आमच्या घराची खिडकी उघडी आहे ना, हे मी दोनदा वळून पाहिलं.

तेवढ्यात सिस्टर उठल्या आणि गॅलरीत गेल्या. मी मागून गेले. त्या कठड्याला धरून उभ्या होत्या. म्हणाल्या, "ताई, माझ्या सहा नंबरच्या बेडवर एक आजोबा आहेत. बावीस दिवस. व्हेंटिलेटर, नाकातून नळी, सगळं वेळच्या वेळी. आम्ही त्यांची इतकी काळजी घेतो. आणि ते डोळ्यांनी दाराकडे बघतात." पुढे त्या बोलल्या नाहीत. मला त्यांच्या चार कथा वाचून थांबण्याचं कारण तेव्हा कळलं. रात्रपाळीच्या मधल्या वेळात, टेबलावरच्या छोट्या दिव्यात वाचत होत्या त्या. तिथे बसून हे पुस्तक वाचवणार नाही कोणाला. आणि मी ऑगस्टमध्ये मनात म्हटलं होतं की सिस्टरना गंभीर वाचनाची सवय नाही. त्यांची माफी मी त्याच गॅलरीत मागितली.

दुसरा भाग 10 डिसेंबरला. दुसऱ्या दिवशी जी.एं.ची पुण्यतिथी होती, 1987 साली पुण्यात गेले ते. काकांनी हे बैठकीच्या सुरुवातीला सांगितलं आणि धारवाडला इंग्रजी शिकवणारा, सभासमारंभ टाळणारा, फोटोतही काळा गॉगल न काढणारा हा माणूस वाचकांना पत्रं मात्र किती मनापासून लिहायचा, तेही सांगितलं. मग म्हणाले, आज मी वाचतो. पुस्तक न आवडलेल्या माणसानं ते इतकं चांगलं वाचावं, याचं मला नवल वाटत राहिलं. एकही शब्द गिळला नाही त्यांनी. कोंडलेला माणूस वेल वाढवतो, ती वर, उजेडाकडे निघते, तिथे आल्यावर काकांनी पुस्तक जरा लांब धरलं आणि प्रत्येक ओळीनंतर थांबत गेले. खालच्या रस्त्यावरून रिक्षा जात होत्या. कुकरची शिट्टी कुठल्यातरी घरात तीनदा झाली.

संपल्यावर काकाच आधी बोलले. "आता मला सांगता येईल. हा माणूस फार मोठा लेखक आहे. पण आपल्या माणसांना एक दुपार मोकळी देत नाही. सगळं आधी ठरलेलं. त्यांनी काहीही केलं तरी जाळं तयारच आहे. मी चाळीस वर्षं काउंटरवर माणसं पाहिली आहेत. फसलेली, बुडालेली, सगळी. पण त्यांना मधे मधे उसंत मिळायची हो. चहा प्यायची, हसायची. ती उसंत या पुस्तकात नाही, म्हणून मला हे पुस्तक आवडत नाही." मला हे पटलं नाही. वेल म्हणजेच ती उसंत, असं मी म्हटलं आणि आमची चांगली वीस मिनिटं जुंपली. पण ऑगस्टमधलं "समजावून सांगू नका" आणि हे, यात केवढं अंतर आहे! हे मत काकांचं स्वतःचं आहे, त्यात त्यांचा काउंटर आहे, त्यांची चाळीस वर्षं आहेत. मी सावकाश वाचायचं ठरवलं तेव्हा माझी आशा अशी होती की सगळ्यांना पुस्तक आवडेल. तसं झालं नाही. वहिनींना अधिक राग आला, काकांची नावड पक्की झाली, इंजिनीअर 'भारी' म्हणेनासा झाला आणि गप्प बसायला लागला. ऑगस्टपेक्षा आमच्यात आता जास्त मतभेद आहेत, आणि मला हा कट्टा सात वर्षांत इतका जिवंत कधी वाटला नव्हता.

आजी इतका वेळ डोळे मिटून बसल्या होत्या. सगळ्यांना वाटलं झोप लागली. त्या म्हणाल्या, "चांगली गोष्ट आहे. सुखाची आहे."

सुखाची? सिस्टर एकदम वळल्या.

"आमच्या सासूबाईंनी शेवटच्या वर्षी फणस लावला होता, परसात," आजी म्हणाल्या. "उठवत नव्हतं त्यांना. मला म्हणाल्या, खड्डा कर, आठळी मी टाकते. फणस धरायला किती वर्षं लागतात, त्यांना काय ठाऊक नव्हतं? या माणसानं वेल लावली तशीच."

"पण आजी, तुमच्या सासूबाई स्वतःच्या घरात होत्या," सिस्टर म्हणाल्या. "त्यांना कोणी कोंडलं नव्हतं. वेल बाहेर गेली म्हणून आत राहिलेल्याचं काय भलं झालं? हे सुंदर लिहून ठेवलं की कोंडणारे सुटतात ना."

आजी जराशा हसल्या. "मला कोणी कोंडलं नव्हतं, असं तुला कोणी सांगितलं?"

त्यावर काय बोलावं ते कोणालाच सुचेना. मी चहाचे कप गोळा केले. घोडबंदरची मंडळी ट्रॅफिकच्या धास्तीनं लवकर निघाली, काकांनी पुस्तकात कागद घालून ते माझ्या हातात दिलं. सिस्टरना आठची पाळी होती, त्यांनी आजींचा दंड धरला आणि दोघी जिना उतरायला लागल्या. एकेक पायरीला थांबत. मी दारात उभी होते. "तसं नाही गं," आजींचा आवाज आला. मग सिस्टरचा, "नाही आजी, मला नाही पटत." पुढच्या वळणावर पुन्हा आजी, फणसाचं काहीतरी. दोघी पहिल्या मजल्यावर पोहोचल्या, आजींच्या दाराची कडी वाजली, आणि सिस्टर पाळीला निघायच्या ऐवजी आत जाऊन परत बोलायला लागल्या, ते मला वर ऐकू येत होतं.